ब्लूबेरीचा खरा वास कोणता?

गेल्या जुलैत आमच्या आपा न्यू जर्सीहून महिनाभरासाठी माहेरी आल्या. मुंबईला उतरून साताऱ्याकडे येताना वाटेत पुण्यातल्या एका मॉलमधून त्यांनी ब्लूबेरीची छोटी प्लॅस्टिकची डबी उचलली. त्या पैशांत दोन किलो सफरचंदं आली असती, हे आमच्या बेगमनी डबीवरची किंमत वाचून लगेच मनात मांडलं. पण आपांचा उत्साह मोठा. "आमच्याकडे जूनपासून शेतात जाऊन बादल्या भरून तोडतात ही, पोरांना दाखवायची होती," म्हणाल्या.

रात्री जेवणानंतर बशीत फळं आली. धाकटीने एक दाणा तोंडात टाकला, चावला आणि तोंड वाकडं करून जाहीर केलं, "फुफी, ही नकली आहे. खऱ्या ब्लूबेरीचा वास असा नसतो."

खरी ब्लूबेरी तिला ठाऊक होती ती वाढदिवसाच्या केकमधली आणि आइस्क्रीमच्या कपातली. आपा खळखळून हसल्या. मग स्वतः चार दाणे खाऊन म्हणाल्या, "अगदीच खोटं नाही बोलत ही. यात जीव नाही. आमच्या शेतातली खाल तर कळेल." मग बशी अम्मींसमोर गेली. अम्मींनी दोन दाणे सावकाश चघळले आणि म्हणाल्या, "गोड आहे. थोडं आंबट. बाकी काही नाही."

घरात एकदम शांतता झाली. 2021 च्या दुसऱ्या लाटेत अम्मींना कोरोना झाला. ताप उतरला, खोकला गेला. वास मात्र परत आला नाही. तेव्हापासून त्यांच्या ताटात "बाकी काही नाही" हेच असतं. ईदच्या शीरखुर्म्यालाही त्या "गोड आहे" एवढंच म्हणतात, आणि वाढणाऱ्याने मान खाली घालायची.

एकच फळ आणि तीन निकाल. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, रसायनशास्त्राशी आमची गाठ बारावीलाच सुटली. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना छळलं, त्यांनी दिलेलं वाचलं, न कळलेलं पुन्हा विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. ब्लूबेरीला आपल्याकडे सर्रास "विलायती जांभूळ" म्हणतात. रंग सोडला तर दोघांचं काही नातं नाही. जांभूळ वेगळ्या कुळातलं, करवंद तर कण्हेरीच्या कुळातलं. ब्लूबेरीच्या खऱ्या बहिणी म्हणजे युरोपच्या जंगलातली बिलबेरी, अमेरिकेतली क्रॅनबेरी आणि उत्तर युरोपातली लिंगनबेरी. या सगळ्या व्हॅक्सिनियम नावाच्या एकाच घराण्यातल्या. या घराण्याच्या एक-दोन जंगली शाखा आपल्या निलगिरीच्या डोंगरांतही आहेत. स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी मात्र नावापुरत्याच बेरी. त्या गुलाबाच्या कुळातल्या.

योगायोग असा की शेतात लावलेल्या ब्लूबेरीचा जन्म आपांच्याच न्यू जर्सीतला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे जंगली झुडूप होतं. तिथले मूळ रहिवासी पिढ्यान्पिढ्या ही फळं गोळा करून वाळवून ठेवत, पण शेतात लावलं की झुडूप मरायचं. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतितज्ज्ञाने शोधून काढलं की त्याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी जमीन लागते. आपण ज्याला चांगली कसदार जमीन म्हणतो ती त्याला सोसत नाही. त्यांचा अहवाल एलिझाबेथ व्हाइट या बाईंच्या वाचनात आला. त्यांच्या वडिलांची व्हाइट्सबॉग इथे क्रॅनबेरीची शेती होती. 1911 मध्ये दोघांनी मिळून काम सुरू केलं. बाईंनी आसपासच्या जंगलात फळं तोडणाऱ्या लोकांना मोजमाप देऊन सांगितलं की सर्वांत मोठी फळं लागणारं झुडूप दाखवा, बक्षीस घ्या. सापडलेल्या झुडपाला शोधणाऱ्याचंच नाव द्यायचं. रूब नावाच्या माणसाच्या झुडपाला "रूबेल" म्हणाले, आणि ते वाण आजही लावलं जातं. 1916 मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं.

आम्हाला यातलं ते मोजमाप लक्षात राहिलं. फळाचा आकार मोजता येतो. वास मोजायचं साधन तेव्हा कोणाकडे होतं?

आता अम्मींच्या "गोड आहे, बाकी काही नाही" कडे येऊ. आम्ही एक प्रयोग आठवीच्या वर्गात केला, तुम्ही घरी मुलांबरोबर करा. आपांनी घरून स्वतः केलेला ब्लूबेरीचा जॅम आणला होता. मुलांना डोळे मिटून नाक चिमटीत धरायला सांगितलं आणि प्रत्येकाच्या जिभेवर अर्धा चमचा जॅम ठेवला. कसलं आहे? "गोड," "गोड-आंबट," "साखर." मग नाक सोडायला सांगितलं. क्षणभरात वर्गात "ओ हो!" उठलं. फळ तेव्हा कळलं.

जिभेला कळतं ते फार थोडं: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यात असते तसली एक भरीव चव. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक वासच. घास चावला की त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो, आणि मेंदू तो जिभेच्याच खात्यावर मांडतो. भाषेनेही त्याला साथ दिली आहे. मराठीत आपण "चव गेली" म्हणतो, उर्दूत "जायका गया". गेलेला असतो वास. अम्मी तीन वर्षं "तोंडाला चव नाही" म्हणत होत्या आणि आम्ही भाषेचे शिक्षक असून शब्दशः तेच धरून बसलो होतो. भाजीत मीठ वाढवत गेलो. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी कान उपटले.

तर मग ब्लूबेरीतून नाकात चढतं तरी काय?

अखंड दाणा हुंगून पाहा, जवळजवळ काही येत नाही. सालीवर मेणाचा पांढुरका थर असतो, आत सगळं बंद. दाणा फुटला की कारखाना सुरू होतो. फळातल्या स्निग्ध पदार्थांवर फळातलीच विकरं तुटून पडतात आणि हेक्सॅनल, हेक्सेनल अशी द्रव्यं तिथल्या तिथे तयार होतात. त्यांचा वास नुकत्या कापलेल्या गवतासारखा हिरवा. म्हणजे वासाचा हा भाग फळात आधी तयार नसतोच, तो आपल्या दातांखाली घडतो.

दुसरं द्रव्य लिनालूल. हे नाव परकं वाटलं तरी वास आपल्या घरातला आहे. धणे कुटताना जो गोडसर, फुलांसारखा वास येतो, तो मुख्यतः लिनालूलचाच. तिसरं जेरॅनिऑल, गुलाबाच्या अत्तराचा तो एक खांब. ही दोन्ही ब्लूबेरीत असतात. 1975 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवलं की हिरव्या वासाची दोन द्रव्यं आणि लिनालूल यांचा मेळ घातला की नाकाला ब्लूबेरीची ओळख पटते. यातलं एकही द्रव्य एकटं ब्लूबेरीसारखं लागत नाही. एक गवत, एक धणे. दोघं भेटले की तिसरंच कोणी उभं राहतं. वर्गात आम्ही जोडाक्षरं शिकवतो, तेव्हा आता हेच उदाहरण देतो.

आणि प्रमाण किती, तर नगण्य. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाच-सहा मिलिग्रॅम लिनालूल मिसळलं तरी माणसाच्या नाकाला त्याची चाहूल लागू शकते. डाळीचा एक दाणाही याहून जड असतो.

बहिणी-बहिणींतला फरकही याच हिशेबाने पडतो. फिनलंड-स्वीडनच्या जंगलात लोक बिलबेरी गोळा करतात. तिथे जंगल कोणाच्याही मालकीचं असो, फळं तोडायचा हक्क सर्वांना असतो. बिलबेरी आतपर्यंत जांभळी असते, बोटं आणि दात रंगवते. ब्लूबेरीचा गर मात्र फिकट हिरवट. स्वीडनमधल्या संशोधकांनी बिलबेरीचा वास उलगडला तेव्हा त्यात सफरचंदाची आठवण देणारी एस्टर नावाची द्रव्यं महत्त्वाची निघाली. फुलं मागे, फळं पुढे. क्रॅनबेरीत बेंझाल्डिहाइड येतं, कडू बदामाचा वास तो. तिच्यातच बेंझॉइक आम्लही असतं, ते मुळातच जिन्नस टिकवणारं, म्हणून क्रॅनबेरी लवकर सडत नाही.

गुलाबाच्या कुळातल्या दोघींचं तंत्र निराळं. रास्पबेरीची ओळख ज्या द्रव्यावर उभी आहे त्याला रास्पबेरी कीटोनच म्हणतात, आणि किलोभर फळात ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. याच नावाच्या वजन घटवायच्या गोळ्या हल्ली विकल्या जातात. त्यातलं कीटोन फळातून काढलेलं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एवढा हिशेब करावा. रास्पबेरीत जोडीला आयोनोन असतं. हा बनफ्शाच्या फुलाचा वास. नानीच्या जोशांद्यातला गुल-ए-बनफ्शा आठवा. जर्मनीत टीमान या रसायनतज्ज्ञांनी 1893 मध्ये आयोनोन प्रयोगशाळेत तयार केलं, आणि तेव्हापासून बनफ्शाचं अत्तर फुलांवाचून बनू लागलं.

आणि आमच्या शेजारची, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी? तिच्या वासात साडेतीनशेच्या वर द्रव्यं नोंदली गेली आहेत. त्यात फ्युरॅनिऑल नावाचं एक, पाक थोडा जास्त शिजला की जो वास येतो त्या जातीचं. डिसेंबर-जानेवारीत वाईच्या घाटात गाडीची काच खाली केली की टोपल्यांपाशी घमघमाट येतो. तीच स्ट्रॉबेरी फ्रीजमधून काढून खा, अर्धी मुकी होते. वासाची द्रव्यं उडाली तर नाकापर्यंत पोचणार, आणि थंडीत ती उडत नाहीत. ब्लूबेरीलाही हेच लागू. खायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा, आणि धुवायची ती अगदी खाण्याच्या वेळी. आधी धुतली तर तो मेणाचा थर जातो आणि फळ लवकर बिघडतं.

पण पुण्याच्या त्या डबीचं दुखणं निव्वळ फ्रीजचं नव्हतं. ब्लूबेरी निळी झाली म्हणजे पिकली असं नाही. निळी झाल्यावरही ती काही दिवस झाडावर राहावी लागते, तेव्हा गोडी आणि वास भरतो. तोडल्यावर ती मऊ होईल, गोड होणार नाही. समुद्रापार जायचं फळ मऊ होऊन चालत नाही. मग ते लवकर तोडायचं, थंडीत ठेवायचं, आठवडे प्रवास करवायचा. आपा म्हणाल्या ते बरोबर होतं. त्यांच्या शेतातलं फळ आणि हे फळ यांचं कूळ एक, पण वाढ वेगळी.

अलीकडे हे थोडं बदलतं आहे. फ्लोरिडा विद्यापीठात नवी वाणं निवडताना लोकांना फळं खायला घालून गुण मागतात आणि त्याच फळांतली वासाची द्रव्यं यंत्राने मोजतात. त्यांच्या स्ट्रॉबेरीवरच्या कामात असं दिसलं की काही वास असे असतात, जे फळातली साखर तेवढीच असूनही ते जास्त गोड भासवतात. मधुमेहाने ग्रासलेल्या आपल्या घरांना यात रस वाटायला हवा. वासाने भरलेलं फळ असेल तर वरून साखर भुरभुरावी लागत नाही.

आता धाकटीचा निकाल. तिच्या केकमधली "ब्लूबेरी" कुठून आली? घरात सापडलेल्या दोन-तीन पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं आम्ही चष्मा लावून वाचली. एकावर फळाचा पत्ताच नव्हता, रंग होता आणि "कृत्रिम सुगंधी द्रव्ये" होती. दुसऱ्यावर "निसर्गसमान सुगंधी द्रव्ये" असं होतं. या शब्दाने फसू नका. द्रव्य फळात सापडतं तेच, पण ते कारखान्यात घडवलेलं. फळ त्यात असेलच असं नाही. लिनालूल झाडातलं असो की कारखान्यातलं, रेणू तोच, आणि ठरवलेल्या प्रमाणात अशी द्रव्यं खायला परवानगी आहे, उगाच घाबरवणारे संदेश पुढे ढकलू नयेत. आमची तक्रार वेगळी आहे. अशा इसेन्समध्ये थोडी ठळक द्रव्यं जोरात बोलतात आणि बाकीची गैरहजर असतात. त्यातला हिरवा, गवती वास तर बहुधा गाळलाच जातो, कारण मिठाईत तो कोणाला नको असतो. पाच-सहा वर्षं हेच खाल्लेल्या मुलीला खरं फळ नकली वाटलं यात तिचा काय दोष?

इसेन्सविषयी बेगमनी वेगळाच प्रश्न काढला: त्यात अल्कोहोल असतं का? काही इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, काही ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये. बाटलीवर घटक छापलेले असतात, ते पाहून घ्यावं, आणि मसल्याचं उत्तर आलिमांकडून घ्यावं. भाषेच्या शिक्षकाने फतवा देऊ नये.

तरी एक गोष्ट आम्हाला चकित करून गेली. खरं फळ समोर असलं तरी दोन माणसांना ते सारखं लागेल याची हमी नाही. बनफ्शाच्या वासाचं ते आयोनोन काही लोकांना सुगंध म्हणून येतं, काहींना जवळजवळ येतच नाही, किंवा आंबट, उग्र वाटतं. 2013 मध्ये संशोधकांनी दाखवलं की हा फरक मुख्यतः वास ओळखणाऱ्या एकाच जनुकातल्या बदलाने पडतो. रास्पबेरीवरून दोन भावांत वाद झाला तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

अम्मींचं प्रकरण मात्र जन्मजात नव्हतं. कोरोनाचा विषाणू नाकाच्या छताजवळ, वास टिपणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो, काहींचा रेंगाळतो. अम्मींना मधले काही महिने तळलेला कांदा जळक्या रबरासारखा येत होता. घरात बिर्याणी असली की त्या दार लावून बसत, आणि आम्हाला वाटे रुसल्या आहेत. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुरूच राहिला, अम्मी शेजारी तसबीह घेऊन बसलेल्या. बेगम वेळेवर आल्या, अल्लाहची मेहरबानी. ज्यांच्या घरात असं कोणी असेल त्यांनी गॅसगळतीची घंटा बसवावी आणि उरलेल्या अन्नावर तारीख लिहून ठेवावी.

आपांनी हट्टाने अम्मींना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तीन वर्षं आम्ही "वय झालं" म्हणत होतो, हे कबूल करायला लाज वाटते. डॉक्टरांनी तपासून एक साधी कसरत दिली. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी ती 2009 मध्ये मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार वास सकाळ-संध्याकाळ काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचे, तो वास कसा होता ते आठवायचं, असं किमान बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, आणि इतक्या उशिरा सुरू केल्यावर आशा बेताचीच, हेही डॉक्टरांनी सांगितलं. घरी चार कुप्या झाल्या. अब्बांच्या वेळच्या अत्तरदाणीतलं गुलाब, सर्दीचं निलगिरी तेल, लिंबाची साल, लवंगा. जाताना आपांनी पाचवी बाटली ठेवली, तो ब्लूबेरीचा जॅम. फज्रनंतर आणि मगरिबनंतर अम्मी ओळीने हुंगतात. धाकटी वही घेऊन समोर बसते आणि लिहिते: काही नाही, काही नाही, काही नाही, थंड, काही नाही. तो "थंड" म्हणजे निलगिरी; पण थंडावा वेगळ्या नसेने कळतो, त्याला वास म्हणता येत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस वहीत लवंगेपुढे "काहीतरी" असा शब्द आला. पुढचे तीन आठवडे पुन्हा कोरे.

डिसेंबरात एका दुपारी बेगम मसाल्याचे धणे भाजत होत्या. ओसरीवरून अम्मींचा आवाज आला, "धणे लागले का गं?"

थोडे लागलेच होते. बेगम झारा हातात घेऊन तशाच बाहेर आल्या. अम्मींना कुटलेले धणे दिले, त्यांनी हुंगले, पुन्हा हुंगले, आणि ओढणीच्या टोकात चिमूटभर बांधून घेतले. रात्री आपांना फोन लावला तर तिकडे सकाळ होती. बराच वेळ दोन्हीकडून कोणी बोललं नाही.

कांद्याचा वास अजून येत नाही. फ्रीजमध्ये बरणीच्या तळाशी दोन चमचे जॅम उरला आहे. परवा अम्मींनी तो चाखला.

"अजून गोडच आहे," म्हणाल्या. धाकटीने वहीत तसंच लिहिलं.